डोक्यामागचा चट्टा

मस्कतमध्ये आपल्याकडच्या दोन बायका भेटल्या की आधी मुलांची शाळा, मग भाड्याची वाढ आणि मग केस. केस गळतात आणि ते पाण्यामुळेच गळतात, यावर मल्याळी, गोवेकर, पंजाबी आणि वसईकर अशा सगळ्यांचं एकमत. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं, गच्चीवरच्या टाकीत तापत बसतं आणि उन्हाळ्यात थंडचा नळ सोडला तरी हाताला चटका बसतो. मे महिन्यात आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गीझरच्याच नळाचं पाणी वापरतो, कारण घराच्या सावलीत थंड झालेलं पाणी तेवढंच. असल्या पाण्याने केस राहणार कसे? नव्याने आलेल्या कितीतरी बायकांना मीच हे ठासून सांगितलं आहे.

आम्ही वसईचे. घरात आमच्या वसईच्या बोलीतच बोलतो. इथे लिहिताना ती सरळ करून घेतली आहे, नाहीतर माझ्या भावंडांशिवाय कुणाला काही कळायचं नाही. नवरा एसीच्या देखभालीच्या कंपनीत सुपरवायझर, मी रुवीत एका ट्रॅव्हल ऑफिसच्या काउंटरवर, मुलगी अल् घुब्राच्या शाळेत आठवीला. राहायला वादी अदाईत भाड्याचा फ्लॅट. चारचौघांसारखं घर होतं आमचं, आणि ते तसंच दिसावं म्हणून आम्ही दोघं फार जपायचो.

कारण मस्कतला येण्याआधी मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. डावी बाजू. मुंबईत ऑपरेशन झालं, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. मुलगी तेव्हा इतकी लहान होती की माझं केस नसलेलं डोकं तिला नुसतं गमतीचं वाटायचं. ती त्यावर तबला वाजवायची. पण गावातली मोठी माणसं तबला वाजवत नव्हती. ती बघायची. चर्चच्या दारात मी आले की बोलणी हळू व्हायची, बायका माझ्या छातीकडे बघून पटकन वर चेहऱ्याकडे बघायच्या, आणि एका मावशीने तर माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, ‘मुलीचं कोण बघणार रे पुढे?’ मी तिथेच उभी होते! त्या मावशीला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून नवऱ्याला मस्कतची नोकरी आली तेव्हा मी त्याच्याआधी बॅग भरली. इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. केस परत आले होते, तेही आधीपेक्षा दाट आणि थोडे कुरळे. इथल्या बायका विचारायच्या, पार्लरमध्ये करून घेतलेस का? मी हो म्हणायचे. कॅन्सर हा शब्द आम्ही वसईलाच ठेवून आलो. कुणाला सांगायचं नाही असं बसून ठरवलं नव्हतं, पण तो बोलत नाही म्हणून मी बोलत नाही आणि मी बोलत नाही म्हणून तो. तेरी भी चुप, मेरी भी चुप. वर्षातून एकदा सुट्टीवर गेलं की मुंबईत तपासणी करून यायची, तिला आम्ही ‘ते काम’ म्हणायचो.

एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर नवऱ्याने शॉवरला फिल्टर बसवला. त्याला असल्या खटपटी आवडतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी केस धुताना माझं बोट डोक्यामागे, टाळूच्या जरा खाली, एका ठिकाणी घसरलं. केसांतून बोट जातं तसं ते गेलं नाही. गुळगुळीत कातडीवरून गेलं. मी साबण धुतला आणि परत हात लावला. मग परत. जागा होती तिथेच होती.

डोक्याच्या मागचं स्वतःला दिसत नाही ही देवाची कृपा की खोडी, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन आरसे घेऊन मी मान वाकडी करून बघितलं, पण नीट काही दिसेना. शेवटी मुलीला फोनवर फोटो काढायला सांगितलं.

“मम्मा, इकडे हेअर नाही आहे,” ती म्हणाली. तिचं मराठी असंच, एकेक शब्द तपासून टाकलेलं. “सर्कल आहे. लाइक अ कॉइन.”

फोटोत इथल्या पन्नास बैशांच्या नाण्याएवढा चट्टा होता. किंचित गुलाबी, तुकतुकीत. खाज नाही, दुखत नाही, कोंडा नाही. दुखत नाही हेच मला आवडलं नाही. ती पहिली गाठही दुखली नव्हती. दुधाने तोंड पोळलेली बाई मी, मला ताकही फुंकून प्यायची सवय. गुडघा दुखला तरी मला तेच वाटायचं.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याच्यापुढे पाठ करून बसले आणि केस बाजूला केले.

“हे बघ.”

त्याने बघितलं. फार वेळ नाही. “चाई आहे,” तो म्हणाला. “पाण्याने होतं असं. आमच्या साइटवरच्या पोराला पण झालेली.”

“पाण्याने केस गळतात. गोल थोडीच गळतात?”

“गोलच गळतात चाईत. आता फिल्टर लावलाय ना, येतील.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि त्याच वेळी त्याचं म्हणणं हातांनी घट्ट धरून ठेवायचं होतं. चाई. किती साधा, किती गावठी शब्द. शाळेत एका मुलाला चाई होती आणि आम्ही त्याला चिडवायचो. तो मेलाबिला काही नव्हता, आज तो वसईत केळ्यांचा व्यापारी आहे. मी म्हटलं, हो, चाईच असणार.

मग सुरू झाले उपाय. नवरा प्यायच्या पाण्याचे मोठे कॅन जास्त आणायला लागला, केस त्या पाण्याने धुवायचे. कांद्याचा रस झाला. त्या वासाने मुलगी माझ्याशेजारी बसेना. समोरच्या दारात रत्नागिरीकडची एक भाभी राहायची. तिला मी केस गळतात एवढंच सांगितलं होतं, तर ती जास्वंद आणि माका घालून उकळलेल्या खोबरेलाची बाटली घेऊन हजर.

“इथला पानीच खराब हाय गो,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यावर तरी काय राहिलाय? स्कार्फ हाय म्हणून इज्जत हाय. ह्या लाव, इन्शाल्ला दोन महिन्यांत जंगल होतंय बघ.”

मी हसले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तिच्या स्कार्फचा हेवा वाटत होता. अर्धं शहर डोकं झाकून फिरत होतं आणि नेमकं माझंच उघडं. मत्रहच्या बाजारात जाऊन मी रुंद क्लिपा आणल्या, केस वरून ओढून चट्ट्यावर बसवायचे आणि क्लिप लावायची. समुद्राकडून वारा आला की माझा हात मागे. एसीचा झोत आला की हात मागे. ऑफिसात मॅनेजरची केबिन माझ्या पाठीमागे होती, तर मी खुर्ची तिरकी करून बसायला लागले, आणि मानेत उसण भरली.

सगळ्यात वाईट शुक्रवार. चर्चमध्ये तुमच्या मागच्या बाकावरच्या माणसाला तासभर दुसरं काही बघायला नसतं, तुमचं डोकंच बघायचं. चोराच्या मनात चांदणं. मागे कुणी कुजबुजलं की माझ्याबद्दलच. गुडघे टेकून मान खाली घातली की चट्टा उघडा पडेल म्हणून मी ताठ मानेने प्रार्थना करायचे. मग आम्ही शेवटच्या बाकावर बसायला लागलो. नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, का म्हणून. आधी आम्ही पुढून तिसऱ्या बाकावर असायचो. जो माणूस बाकाची जागा गेली म्हणून लोकांवर चिडायचा, तो मुकाट्याने माझ्याबरोबर भिंतीला टेकून बसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

केस काही आले नाहीत. तेव्हा मीच हट्ट धरून त्वचेच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

आमच्याकडे बायको डॉक्टरकडे गेली की नवरा बरोबर जातो, आत बसतो आणि डॉक्टरने बायकोला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो. झोप लागते का? लागते. भूक? आहे. पाळी? तिथे तेवढा तो बायकोकडे बघतो. माझ्या वडिलांनी आईचं असंच केलं, आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. डॉक्टर केरळची, तरुण बाई, शांत. तिने भिंग लावून चट्टा बघितला, थायरॉइड विचारलं, टेन्शन विचारलं. मग इंग्रजीत विचारलं, “आधी काही मोठा आजार? ऑपरेशन?”

“नथिंग, डॉक्टर,” नवरा म्हणाला. “शी इज फिट.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता. हा तोच माणूस, ज्याने केमोच्या प्रत्येक वेळी माझ्या उलटीचं भांडं धरलं, ऑपरेशननंतर माझ्या जखमेतल्या ड्रेनची नळी स्वतः साफ केली. तो काही खोटारडा नाही. त्याला धड खोटं बोलताच येत नाही. साहेबाला सुट्टीचं खोटं कारण सांगतानासुद्धा त्याचे कान लाल होतात. त्या दिवशीही कान लाल झाले होते. ते लाल कान बघून मला वाटलं, आता मी खरं बोलले तर हा इथेच कोसळेल. आणि मीही कुठे धीराची होते? त्या बाईने चाई म्हणावं म्हणून मी पर्समधली जपमाळ मुठीत आवळून धरली होती.

ती चाईच म्हणाली. जे सांगितलं त्यावरून दुसरं काय म्हणणार? चट्ट्यात बारीक बारीक इंजेक्शनं दिली, लावायला औषध दिलं आणि काही आठवड्यांनी परत यायला सांगितलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. घरी येताना नवरा गाडीत शीळ घालत होता, आणि मला त्या शिळेची इतकी भीती वाटली की मी खिडकीची काच खाली करून बाहेरचा गरम वारा तोंडावर घेतला.

पुढचे आठवडे मी चट्ट्याशिवाय दुसरा विचार केला असेल तर आठवत नाही. काउंटरवर लोक कोचीची, मुंबईची, ढाक्याची तिकिटं मागायचे आणि माझं बोट डोक्यामागे. कडेने मऊ लव येतेय का? नाही. मुलीला दर दोन-चार दिवसांनी फोटो काढायला लावायचे. ती वैतागायची, पण काढायची. एकदा फोटो दाखवताना ती म्हणाली, “मम्मा, आता कॉइन नाही. बिगर आहे.” आणि मग हळूच, “यू आर ओके ना?” मी म्हटलं, पाण्याने होतं गं असं. माझ्या तोंडून नवऱ्याचंच वाक्य निघालं.

चट्टा नुसता मोठा झाला नव्हता. हाताला तो आता टणक लागत होता, जणू कातडीखाली कुणी पुठ्ठ्याची चकती सरकवली असावी. कातडी चिमटीत येईना. भाभीने एकदा हौसेने स्वतः तेल चोळून द्यायला घेतलं, तिची बोटं त्या जागेवर थांबली. मग म्हणाली, “ह्या पान्याचा नाय गो. ह्या दाखव.”

परत जायच्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, “तू बाहेर बस.”

“का?”

“बस म्हटलं ना. आज मी एकटी जाते.”

चावी मुठीत घेऊन तो बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. आत डॉक्टरने डोकं बघायला हात पुढे केला, तर मी म्हटलं, आधी ऐकून घ्या. आणि सांगितलं. मला कॅन्सर झाला होता, डाव्या स्तनाचा, ऑपरेशन, केमो, शेक, सगळं. इतक्या वर्षांनी तो शब्द उच्चारताना माझाच आवाज मला परका वाटला. तिने हात मागे घेतला. रागावली नाही. मग तिने चट्टा दाबून बघितला, माझी मान चाचपली, काखा चाचपल्या, आणि म्हणाली की कधी कधी तो आजार रक्तातून डोक्याच्या कातडीत येऊन बसतो आणि केसांची मुळं मारतो. दिसतं अगदी चाईसारखं. असेलच असं नाही, पण तुकडा काढून तपासायला हवा, आजच.

मी विचारलं, “पाण्याने झालं असेल का हे?”

वेडा प्रश्न. पण विचारला. तिने नकारार्थी मान हलवली. तुकडा काढायला जागा बधिर केली, पुढे कसलाच त्रास झाला नाही. फक्त टाका घालताना दोरा ओढला गेलेला जाणवला. मला रडू आलं तर ते दुखण्याचं नव्हतं.

बाहेर आले तर नवरा उभा होता. डोक्यावरची पट्टी बघून त्याने गाडीचं दार उघडून धरलं. गाडीत बसल्यावर मीच म्हटलं, “मी सांगितलं तिला.”

“बरं केलंस.”

“तू का ‘नथिंग’ म्हणालास त्या दिवशी?”

त्याने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. “मागच्या सुट्टीत वसईला, ‘ते काम’ झाल्यावर, तुझ्या मावसभावाच्या पोराच्या बाप्तिस्म्याला निघताना तुझ्या ड्रेसची झिप लावत होतो ना,” तो म्हणाला, “तेव्हा दिसला मला. तुला माहीतच नव्हतं. मला वाटलं, मी नाव घेतलं की खरं होईल. म्हणून इथे आल्यावर फिल्टर आणला.”

म्हणजे माझ्या बोटाला लागण्याआधीपासून तो एकटाच त्या चट्ट्याबरोबर राहत होता. मी त्याच्याकडे पाठ करून झोपले की त्याला माझ्या डोक्याची मागची बाजूच दिसायची. मला त्याचा राग आला, फार आला. इतके दिवस वाया घालवलेस म्हणून मी त्याला वाटेल ते बोलले, आमच्या बोलीत, पार्किंगमध्ये. आणि बोलता बोलता त्याची दयाही आली. दोन्ही एकदम. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही दमलो होतो.

रिपोर्ट यायला दिवस लागले. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की मी घर अतोनात साफ केलं. मुलीचे युनिफॉर्म परत परत इस्त्री केले. फोन वाजला की इस्त्री उभी करून ठेवायची आणि छातीवर क्रूस करायचा. कधी ऑफिसचा फोन असायचा, कधी मीटर बघायला येणाऱ्या माणसाचा.

बोलावणं आलं तेव्हा आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टरने रिपोर्ट पुढे ढकलला नाही, हातातच ठेवला. तो आजार जुनाच होता. स्तनातलाच, आता डोक्याच्या कातडीत. आणखी कुठे आहे का ते स्कॅनशिवाय कळणार नव्हतं. मुंबईतल्या तुमच्या डॉक्टरांकडे लवकर जा, ती म्हणाली, या प्रकारावर गोळ्या असतात, लोक वर्षानुवर्षं जगतात. तिने ‘वर्षानुवर्षं’ दोनदा म्हटलं. नवरा सगळं ऐकत होता. या वेळी त्याने एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्यावतीने दिलं नाही.

ती खरं बोलली होती हे मी आज लिहितेय त्यावरून कळतंच. गोळ्या चालू आहेत, चट्ट्यावर केस आलेले नाहीत. पण त्या दुपारी मला हे माहीत नव्हतं. त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं की मुलगी आठवीत आहे.

पार्किंगमध्ये गाडी सुरू करून, एसी लावून, आम्ही तिथेच बसलो. मुंबईला जायचं तर त्याला रजा हवी होती. त्याचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, बरा माणूस होता, पण रजेचं कारण विचारायचा. आजवर प्रत्येक वेळी ‘ते काम’ करायला जाताना नवऱ्याने सांगितलेलं कारण एकच असायचं, फॅमिली फंक्शन. त्याने फोन लावला. गाडीतला स्पीकर चालू होता, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“अर्बाब, लीव्ह पाहिजे. मुंबई जाना है. जल्दी.”

“शू फी? क्या हुआ? फंक्शन?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. त्याचे कान लाल झाले नाहीत, हे मला पक्कं आठवतं.

“नो फंक्शन. माय वाइफ इज सिक. कॅन्सर.”

पलीकडे साइटवरचा खडखडाट होता. “क्या? नहीं सुना. क्या बोला?”

त्याला तो शब्द परत म्हणावा लागला, आणि या वेळी ओरडून. “कॅन्सर, अर्बाब! कॅन्सर! सेकंड टाइम. पहले भी था. मैंने बताया नहीं. सेकंड टाइम.”

शेजारच्या गाडीत बसणारा माणूस दार उघडं ठेवून आमच्याकडे बघायला लागला. त्याला बघू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पलीकडून अर्बाबचा आवाज हळू झाला. जा, उद्याच जा, अल्ला बरं करेल, तिकिटाचं काय ते ऑफिसला सांग, असं काहीसं तो म्हणत राहिला. नवरा नुसता येस अर्बाब, येस अर्बाब करत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी शर्टावर पडत होतं.

फोन ठेवून त्याने बाहीने तोंड पुसलं. “आता घरी पोरीला सांगायचंय,” तो म्हणाला. “तू सांगतेस की मी सांगू?”

“तू सांग,” मी म्हटलं. “तुला आता येतं.”